समाजवादात पोलीस राहतील का? आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही काही जण नागपुरात बर्डीवर बसतो, तर्री पोहे होतात, चहा होतो आणि मग समाजवादावर वाचन-बिचन चालतं. नवीन माणूस आला की दुसऱ्या तिसऱ्या रविवारी पोलिसांचा प्रश्न येतोच येतो. मी हवालदाराचा मुलगा, पोलीस लाईनीत वाढलेलो, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बोट दाखवतात. दरवेळी तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नका, यावरून आमची चांगली भांडणं झालेली आहेत. जिथे भांडण मिटलं नाही तिथे माझं मत लिहिलंय, कारण टाईप मी करून राहिलोय.

समाजवाद आला की पोलीस खातं बंद, असंच ना?

कोणाला विचारता त्यावर आहे. अराजकवादी, म्हणजे सरकारच नको म्हणणारा, म्हणेल बंद. मार्क्सवादी म्हणेल आत्ताचं मोडा, कामगारांचं नवीन बनवा, पुढे तेही विरून जाईल. राममनोहर लोहियांच्या वळणाचा समाजवादी म्हणेल गोळीबार थांबवा आणि लाठीला लगाम घाला. आणि आमच्या इंदोरा वस्तीतला आंबेडकरवादी विचारेल की ते सगळं ठीक आहे भाऊ, पण रात्री दोन वाजता माझ्या वस्तीत कोणी तलवारी घेऊन घुसलं तर फोन कोणाला करायचा ते पहिले सांगा. मला हा शेवटचा माणूस सगळ्यात जास्त पटतो.

आता पोलीस दिवसभर करतात काय ते बघा. लाईनीत वाढल्यामुळे मला माहीत आहे, चोर पकडणं हा त्यातला लहानसा भाग. बंदोबस्त असतो, नेत्याचा, मिरवणुकीचा, मोर्चाचा, जामठ्याला मॅच असली तर तिचा. समन्स बजावणं, पासपोर्टची पडताळणी, बेवारस प्रेताचा पंचनामा, नवराबायकोची भांडणं, हरवलेली पोरं, ट्राफिक. यातली अर्धीअधिक कामं कोणत्याही समाजात राहणार, गळ्यातली पोत ओढून गाडीवर पळणारा माणूस क्रांती झाली म्हणून दुसऱ्या दिवशी भजनाला बसणार नाही. दुसरीकडे संप मोडायला उभं राहणं, मालकाच्या गेटवर पहारा देणं, झोपड्या पाडणाऱ्या बुलडोझरच्या पुढे चालणं, हीसुद्धा पोलिसांचीच कामं आहेत. दोन्हीला खाकी एकच असल्यामुळे आपण एकाच शब्दाने बोलतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

मार्क्स आणि एंगेल्स नेमकं काय म्हणून गेले?

थोडक्यात सांगतो. त्यांच्या मते राज्यसंस्था म्हणजे शेवटी एका वर्गाने दुसऱ्याला दाबून ठेवायचं यंत्र, आणि पोलीस हा त्या यंत्राचा हात. पण ‘मग काय करायचं’ याचं उत्तर मार्क्सला पुस्तकात सापडलं नाही, ते पॅरिसच्या रस्त्यावर सापडलं. १८७१ मध्ये १८ मार्च ते २८ मे, बहात्तर दिवस पॅरिस शहर कामगारांच्या हातात होतं. त्याला कम्यून म्हणतात. मार्क्सने तिथलं जे उचलून धरलं ते असं की पोलिसांकडून राजकीय काम काढून घ्यायचं, त्यांना कम्यूनला जबाबदार करायचं आणि केव्हाही काढून टाकता येईल असं ठेवायचं, पगार कामगाराएवढा. मला विचाराल तर अख्ख्या विषयातली कामाची ओळ हीच, केव्हाही काढता येईल असा पोलीस. आपल्याकडे ठाणेदार बदलायला मंत्रालयातून फोन यावा लागतो.

पण कम्यूनच्या गोष्टीतला एक भाग लोक सांगायचा विसरतात. तिथला पोलीसप्रमुख राऊल रिगो, वय पंचविशीच्या आसपास, आणि त्याने पकडून ठेवलेल्या ओलिसांपैकी पॅरिसचे आर्चबिशप २४ मे ला गोळ्या घालून मारले गेले. समोरून व्हर्सायहून फ्रेंच सरकारचं सैन्य कामगारांच्या कत्तली करत शहरात घुसून राहिलं होतं हे खरंच, तरी बहात्तर दिवसांच्या कम्यूनलाही पोलिसांना राजकारणापासून लांब ठेवणं जमलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

रशियात तर पोलीस ठेवलेच नव्हते म्हणतात, खरं काय?

नाव ठेवलं नव्हतं. फेब्रुवारी १९१७ मध्ये झारचे पोलीस लोकांनी हाकलले, ठाणी जाळली, मग ठिकठिकाणी कामगारांची पथकं उभी राहिली. त्यांना मिलिशिया म्हणायचे, कारण पोलीस ही शिवी झाली होती. ऑक्टोबर क्रांती झाल्याबरोबर काही दिवसांतच हुकूम निघाला की सोव्हिएतांनी, म्हणजे कामगारांच्या निवडलेल्या परिषदांनी, कामगार मिलिशिया उभी करावी. हे नाव इतकं चिकट निघालं की सोव्हिएत युनियन बुडाल्यावर वीस वर्षांनी, २०११ मध्ये, रशियाने परत ‘पोलीस’ म्हणायला सुरुवात केली.

लेनिनने त्याच साली लिहून ठेवलं होतं की पुढच्या समाजात एखादा माणूस बिघडला तर वेगळं यंत्र लागणार नाही, रस्त्यावर भांडण लागलं की चार सुसंस्कृत लोक मध्ये पडतात, बाईवर कोणी हात टाकला की आडवे येतात, तसं हत्यारबंद जनताच बघून घेईल. वाचायला छान वाटतं. पण डिसेंबर १९१७ मध्ये, म्हणजे हे लिहून सहा महिनेसुद्धा झाले नव्हते, चेका नावाची गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली, जर्झिन्स्कीच्या हाताखाली. नावातच ‘असाधारण’ होतं, म्हणजे तात्पुरती. ती तात्पुरती गोष्ट मग जीपीयू झाली, ओजीपीयू झाली, एनकेव्हीडी झाली, केजीबी झाली. १९३७-३८ या दोन वर्षांत एनकेव्हीडीने स्वतःच्याच कागदांप्रमाणे सहा लाख ऐंशी हजारांवर लोकांना मृत्युदंड दिला. त्यात जुने क्रांतिकारक होते, साधे शेतकरी होते, आणि एनकेव्हीडीचे प्रमुखसुद्धा, यागोदाला १९३८ मध्ये मारलं आणि त्याच्या जागी आलेल्या येझोवला १९४० मध्ये.

आमच्या ग्रुपमधले एक काका म्हणतात की हे सगळं वेढा पडला होता म्हणून झालं, चौदा देश चालून आले होते. यादवी युद्धापुरतं मी ते अर्धं मान्य करतो, १९३७ ला कोणाचा वेढा होता? तेव्हा पोलिसांच्या वर कोर्ट नव्हतं, पेपर नव्हता, मोहल्ला नव्हता, फक्त पक्ष होता आणि पक्षाच्या वर एक माणूस, स्टालिन.

एक मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर चित्र एकतर्फी होतं. १९५९ पासून तिथे ‘द्रुझिना’ होत्या, म्हणजे कारखान्यातले लोक दंडाला लाल पट्टी बांधून संध्याकाळी गस्त घालायचे, दारुड्याला घरी पोचवायचे. किरकोळ भांडणं कॉम्रेडांच्या पंचायतीत जायची. आणि त्याच काळात ‘काम न करणारा’ हा गुन्हा होता, त्याखाली १९६४ मध्ये ब्रॉड्स्की नावाच्या तरुण कवीला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. कविता करणं हे काम धरत नव्हते. त्याला पुढे १९८७ चं नोबेल मिळालं.

पूर्व जर्मनी, क्युबा, चीन?

पूर्व जर्मनीत साधा बीटचा पोलीस लोकांना बऱ्यापैकी माहितीचा होता, पण त्याच्या मागे श्टाझी ही गुप्त पोलीस होती. देश दीड-पावणेदोन कोटींचा आणि १९८९ ला श्टाझीचे पगारी लोक एक्क्याण्णव हजारांच्या आसपास, वरून पावणेदोन लाखांच्या घरात खबरे. नवरा बायकोची खबर देऊन राहिला होता असं पुढे फायली उघडल्यावर निघालं. क्युबात २८ सप्टेंबर १९६० पासून गल्लोगल्ली क्रांतीच्या रक्षण समित्या आहेत, चक्रीवादळ आलं की म्हाताऱ्यांना हलवायचं, पोरांना लसी टोचून घ्यायच्या ही कामं त्यांनी मनापासून केली, आणि शेजारी काय बोलतो याची नोंदही त्याच समित्या ठेवतात. चीनने १९६३ मध्ये फंगछ्याओ नावाच्या गावाचा नमुना समोर ठेवला, वाद वर जाऊ द्यायचा नाही, गावातच मिटवायचा. ऐकून आपली तंटामुक्ती आठवते ना, पुढे येतो त्याच्यावर.

भारतात लाल सरकारं आली, त्यांनी पोलिसांचं काय केलं?

हा प्रश्न लोक फार कमी विचारतात आणि आमच्यात सगळ्यात जास्त भांडण यावरच होतं, त्यामुळे जरा लांब लिहितो.

सुरुवात कम्युनिस्टांपासून नाही, समाजवाद्यांपासून करू. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनला प्रजा समाजवादी पक्षाचं सरकार होतं, पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री. दक्षिणेकडच्या तमिळ तालुक्यांमधल्या आंदोलनावर त्यांच्या पोलिसांनी ऑगस्टमध्ये गोळीबार केला, माणसं मेली. लोहिया तेव्हा त्याच पक्षाचे सरचिटणीस, स्वतः उत्तर प्रदेशात जेलमध्ये, आणि तिथून त्यांनी स्वतःच्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. म्हणणं एवढंच की नि:शस्त्र लोकांवर गोळी चालवणारं सरकार समाजवादी असू शकत नाही, मग ते आपलं का असेना. पक्षाने ऐकलं नाही, भांडण वाढत गेलं आणि १९५५ संपता संपता लोहियांनी वेगळा पक्ष काढला. लोक हसले, एक तर सरकार मिळालं आणि तेही पाडायला निघाला म्हणून. मला विचाराल तर भारतातल्या समाजवादी राजकारणात पोलिसांबद्दल इतकी सरळ भूमिका परत कोणी घेतली नाही.

मग १९५७, केरळ, कम्युनिस्ट मुख्यमंत्री ईएमएस नंबुद्रीपाद. त्यांनी जाहीर केलं की मालक आणि मजूर यांच्या भांडणात पोलीस मालकाच्या बाजूने उतरणार नाहीत. पोलिसाने गुन्हा बघावा, संप बघू नये. देशभर बोंब झाली की कायदा-सुव्यवस्था संपली. आणि त्याच सरकारच्या काळात १९५८ ला चंदनतोपला काजू कामगारांवर गोळीबार झाला, जून १९५९ ला अंगमालीला विमोचन समराच्या, म्हणजे या सरकारविरुद्धच्या आंदोलनाच्या, जमावावर झाला, सात जण गेले. ३१ जुलैला केंद्राने सरकार बरखास्त केलं. घोषणा चांगली होती, पण खातं तेच, शिपाई तेच, बंदूक तीच.

बंगालमध्ये १९६७ ला घेराव सुरू झाले, कामगार मॅनेजरला तासन् तास खोलीत कोंडून ठेवायचे. तिथल्या डाव्यांच्या आघाडी सरकारने परिपत्रक काढलं की कामगारमंत्र्याला विचारल्याशिवाय पोलिसांनी मध्ये पडायचं नाही, कलकत्ता हायकोर्टाने ते उडवलं. बरोबर उडवलं असं मी म्हणतो, ग्रुपमधले अर्धे लोक नाही म्हणतात. कारण पोलिसाने केव्हा जायचं हे मंत्री ठरवायला लागला की आज तो तुमचा मंत्री आहे, उद्या नसेल. १९६९ मध्ये तर पोलीसच विधानसभेत घुसले, तोडफोड केली, ज्योती बसू तेव्हा गृहमंत्री. आणि १४ मार्च २००७ ला नंदीग्राम, डाव्या आघाडीचंच सरकार, केमिकल हबसाठी जमीन द्यायला नाही म्हणणारे शेतकरी, गोळीबार, चौदा मृत्यू. लोहियांचा तो राजीनाम्याचा प्रश्न त्रेपन्न वर्षांनी तसाच्या तसा उभा राहिला आणि विचारायला पक्षात कोणी लोहिया नव्हता.

केरळने एक बरी गोष्टही केली. २००८ मध्ये डाव्या सरकारने जनमैत्री नावाची योजना आणली, बीटच्या पोलिसाने घरोघर जाऊन ओळख करून घ्यायची, ठाण्याला नागरिकांची समिती. समाजवाद वगैरे नाही म्हणता येणार, पण लोक ठाण्याची पायरी चढायला कमी घाबरायला लागले तर तेही काही कमी नाही.

आपल्या संविधानात ‘समाजवादी’ शब्द आहे, मग आपले पोलीस समाजवादी झाले की नाही?

तो शब्द ४२ व्या घटनादुरुस्तीने आला, १९७६ मध्ये. त्या वर्षी काय चालू होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारा. आणीबाणी. एका हाताने प्रास्ताविकेत समाजवादी लिहून राहिले होते आणि दुसऱ्या हाताने मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय कोंडायच्या कायद्याखाली, लोकांना आत टाकून राहिले होते, त्यात समाजवादीच किती होते. यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

पोलिसांचा मूळ कायदा १८६१ चा, म्हणजे १८५७ चं बंड मोडल्यावर लगेचचा. गोऱ्या साहेबाला असं दल पाहिजे होतं जे लोकांना उत्तर देणार नाही, त्याला देईल. महाराष्ट्रात १९५१ चा कायदा आहे, पण हाडं तीच. आणीबाणी गेल्यावर १९७७ ला राष्ट्रीय पोलीस आयोग बसला, अहवाल आले, फडताळात गेले. शेवटी निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंग यांच्या खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सुप्रीम कोर्टाने सात आदेश दिले. बदल्या मंत्र्याच्या मर्जीने नको, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींना वेगळं प्राधिकरण द्या. ही तारीख लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे. आपल्या राज्याने २०१४ मध्ये कायद्यात बदल करून तक्रार प्राधिकरण आणलं. रस्त्यावर उभं राहून दहा जणांना विचारा असं काही असतं काय म्हणून.

नागपूरचं काही सांगा ना, रशिया-बंगाल किती दिवस?

झिरो माईलजवळ गोवारी स्मारक आहे, आपण रोज बाजूने गाडी काढतो. २३ नोव्हेंबर १९९४, हिवाळी अधिवेशन, गोवारी समाजाचा मोर्चा, अनुसूचित जमातीत घ्या ही मागणी, बायका-पोरं सगळी आलेली. मोर्चा अडवून ठेवला, दिवसभर कोणी मंत्री भेटायला आला नाही, संध्याकाळी लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. गोळी एकही नाही. बॅरिकेड, लाठी आणि मागे पळायला जागा नाही.

माझे वडील तेव्हा खात्यात होते. अधिवेशनाच्या बंदोबस्तात त्यांची डिसेंबरच्या थंडीत रात्र रात्र ड्युटी असायची. ते म्हणतात शिपायाला एवढंच सांगतात, हे लोक या दोरीच्या पुढे गेले नाही पाहिजे. दोरीच्या पलीकडे कोण आहे, काय मागून राहिलेत, किती वेळचे उपाशी आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही आणि तो विचारतही नाही. मंत्री जर दुपारीच खाली उतरून भेटला असता तर लाठीचा प्रश्नच आला नसता. म्हणून ‘समाजवादी पोलीस’ म्हटल्यावर मला पहिले हे आठवतं की जे काम राजकारण्याने करायचं ते शिपायाच्या लाठीवर ढकललं जातं, सरकार कोणत्याही रंगाचं असो.

मग पोलीस कशाला, मोहल्ल्यानेच बघून घेतलं तर?

आता इथे माझं डोकं गरम होतं, कारण हे बोलणारे बहुतेक जण चांगल्या कॉलनीत राहणारे असतात.

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही आपल्याच भागातल्या. पहिली, नागपूरचं कस्तुरबानगर. अक्कू यादव नावाचा गुंड कित्येक वर्षं वस्तीला छळत होता, बायकांवर अत्याचार, खंडणी, खून. वस्तीतले लोक सांगतात की तक्रार घेऊन गेलं की ती त्याच्यापर्यंत पोचायची. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला जिल्हा कोर्टात आणलं होतं, तिथेच जमावाने तिखट टाकून, चाकूने त्याला मारलं. वस्तीतल्या बाया म्हणाल्या आम्ही सगळ्यांनी मारलं, सगळ्यांना अटक करा. दहा वर्षांनी २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. याला लेनिनची हत्यारबंद जनता म्हणायचं असेल तर म्हणा. मी त्या बायांना दोष देणार नाही, पण ज्या समाजात बायकांना कोर्टात चाकू न्यावा लागतो तो माझ्या स्वप्नातला समाजवाद नाही.

दुसरी, खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुप्रीम कोर्टाचा तो पोलीस सुधारणेचा निकाल आला त्याला बरोबर सात दिवस झाले होते. भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं, चौघांना गावातल्या जमावाने मारलं. इथे ‘समाज’ गैरहजर नव्हता, उलट समाजच आला होता. गावाचं एकमत होतं. कोर्टाने पुढे जन्मठेपा दिल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. तर ज्या गावात जात जिवंत आहे तिथे ‘गावाला पोलिसी द्या’ म्हणजे गावातल्या संख्येने मोठ्या जातीला पोलिसी द्या, याच्याशिवाय दुसरा अर्थ मला कोणी समजावून सांगितलेला नाही. धुळ्याकडे राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकरी मारले, तेसुद्धा गावानेच ‘बघून घेतलं’ होतं.

म्हणून पोलीस पक्षाचा नको, मंत्र्याचा नको, हे तर आहेच, पण एकट्या मोहल्ल्याचाही नको. मोहल्ल्याला ठाणेदार हटवता आला पाहिजे आणि मोहल्ल्यालाच रोखणारं कोर्ट वर पाहिजे. दोन्ही पाहिजे. यातलं एक काढलं की एका बाजूला १९३७ आहे आणि दुसऱ्या बाजूला खैरलांजी.

म्हणजे लोकांना हे जमतच नाही म्हणता?

असं कुठं म्हटलं. महाराष्ट्रात जमलेलं आहे. साताऱ्याचं प्रतिसरकार, १९४३ ते ४६, क्रांतिसिंह नाना पाटील. शेकडो गावांत इंग्रजाचा कारभार उठवून यांनी न्यायदान मंडळं चालवली, तुफान सेना उभी केली, दरोडेखोरांचा बंदोबस्त केला, सावकाराची कागदं काढून घेतली, बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभं केलं. शिक्षासुद्धा कडक, पायाच्या तळव्यावर, त्यावरून लोक ‘पत्री सरकार’ म्हणायला लागले. नाना पुढे कम्युनिस्ट पक्षातर्फे खासदार झाले. आज ती तळव्याची शिक्षा कोणी समर्थनीय म्हणणार नाही, मीही नाही, पण लोक आपल्या भांडणाचा निवाडा स्वतः करू शकतात हे तिथे दिसलं.

भिवंडीत १९७० आणि ८४ ला भयंकर दंगली झाल्या होत्या. नंतर तिथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही धर्मांचे साधे लोक, यंत्रमागवाले, पानटपरीवाले, पुढारी शक्यतो बाहेर. १९९२-९३ ला मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाची ग्रामसभा जंगल स्वतः राखते, निर्णय सर्वसहमतीने घेते, २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्कही मिळवला. आणि १५ ऑगस्ट २००७ पासूनची तंटामुक्ती, आबा पाटलांची. कल्पना एकदम कॉम्रेडांच्या पंचायतीसारखी, पण बक्षीस लागलं आणि मग बक्षिसासाठी तंटे मिटायला लागले. बाईची तक्रार असली की ‘गावाचं नाव जाईल, जाऊ दे’ म्हणून तिलाच बसवायचे. सगळीकडे नाही, पण ऐकलंय भरपूर.

गरिबी गेली की गुन्हे संपतील ना पण?

चोऱ्या कमी होतील. सगळं संपणार नाही. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, मथुरा प्रकरण म्हणून देशाला माहीत आहे. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टाने सोडून दिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. त्यात गरिबी कोणाची होती? पोलिसाची तर नव्हती. बाई, जात, वर्दीची मस्ती, यांचा हिशेब पगारवाढीने मिटत नाही.

बाबासाहेब यावर काय म्हणाले होते?

पोलिसांवर थेट नाही, पण मुळावर बोट ठेवलं. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेला जेमतेम पाच आठवडे झाले होते, २० नोव्हेंबर १९५६, काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यावर त्यांचं भाषण झालं. मार्क्सचं दुःखाचं निदान त्यांना बरंचसं मान्य होतं. त्यांचा सवाल असा की जबरदस्तीने उभी केलेली व्यवस्था जबरदस्ती काढून घेतल्यावर टिकणार कशाच्या आधारावर? राज्यसंस्था विरून जाईल म्हणता, केव्हा, आणि तिच्या जागी काय येणार? माणसाचं मन बदललं नाही तर पोलीस कायमचा ठेवावा लागेल. आमच्या काकांना अजून याचं उत्तर देता आलं नाही. मलाही नाही.

पोलीस कामगार आहे की कामगारांचा शत्रू?

दोन्ही. १९८२ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू होता आणि त्याच वर्षी १८ ऑगस्टला मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं, त्यांची संघटना मोडली म्हणून. शेवटी लष्कर आणावं लागलं. बारा-बारा, सोळा-सोळा तास ड्युटी, साहेबाच्या घरची भाजी आणणं, गळकी क्वार्टर्स. संपवाल्याला हाणणारा शिपाई स्वतः संप करू शकत नाही, १९६६ च्या कायद्याने त्याला सरकारच्या परवानगीशिवाय युनियनही करता येत नाही. समाजवादात पहिला बदल हा पाहिजे की त्याला युनियन मिळावी. वडिलांना एकदा विचारलं होतं, समाजवाद आला तर तुम्हाला काय पाहिजे. म्हणाले, “मले हप्त्याची सुट्टी पाहिजे, बाकी तुमचं तुम्ही पाहा.” नागपुरात हप्ता म्हणजे आठवडापण आणि ते दुसरंपण, त्यामुळे घरात बराच वेळ हसणं चाललं.

अमेरिकेतलं ते ‘पोलिसांचे पैसे काढून घ्या’ इथे चालेल काय?

तिथेच चाललं नाही. जॉर्ज फ्लॉइडला मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसाने मारलं, त्याच शहरात नोव्हेंबर २०२१ ला पोलीस खात्याच्या जागी नवीन विभाग आणायचा का यावर मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हटलं. आपल्याकडे तर ठाण्यात कागद आणि पेट्रोल फिर्यादीकडून मागतात, काढून काय घेणार. मुद्दा पैसे कोणत्या कामाला जातात हा आहे.

तुम्ही नक्षलवादी आहात का?

नाही. पोहे खाणारे लोक आहोत.

मग तुमचं म्हणणं काय, एकदाचं सांगा

तपास करणारा पोलीस वेगळा आणि बंदोबस्ताचा वेगळा, म्हणजे मोर्चा आला की खुनाची फाईल पडून राहणार नाही. प्रत्येक ठाण्याला निवडलेली समिती, अर्ध्या बाया, वस्तीतल्या दलित-आदिवासी-मुस्लिमांच्या जागा ठरलेल्या, आणि तिला ठाणेदार परत पाठवायचा अधिकार. पण कोणाला पकडा, कोणाला सोडा हे सांगायचा अधिकार तिला नाही, तो कायद्याचा आणि कोर्टाचा. तक्रार प्राधिकरणात खात्यातले लोक नकोत. घरगुती भांडण, व्यसन, मनाचे आजार यांना खाकी कमी आणि समुपदेशक जास्त, नागपुरात २०१७ ला भरोसा सेल सुरू झाला तो याच रस्त्याने जातो. पक्षाची वेगळी गुप्त पोलीस तर कोणत्याही कारणाने नाही, ‘तात्पुरती’ तर अजिबातच नाही. आणि गोळीबारात माणूस मेला की सरकार आपलं असलं तरी पहिले राजीनामा, मग चौकशी.

यात क्रांती कुठे आहे असं काका विचारतात. कोर्टावर मी जास्त भरवसा ठेवतो असंही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, कोर्टात वीस वर्षं जातात ते मी पाहिलेलं आहे.

हे सगळं होईल तेव्हा होईल, उद्या मला ठाण्यात जायचंय, काय करू?

माझा मोबाईल बाजारात मारला तेव्हा ठाण्यात (कोणतं ते सांगत नाही) म्हणाले, ‘चोरीला गेला’ नका लिहू, ‘हरवला’ लिहा, लवकर काम होते. मी हवालदाराचा मुलगा असून तसं लिहून आलो. तुम्ही लिहू नका. पाच हजार किंवा त्याहून जास्त किमतीच्या वस्तूची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हद्द आमची नाही म्हटलं तर झिरो एफआयआर म्हणा. कॉपी फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. अटक झाली तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. बाईला सूर्य मावळल्यावर अटक करायची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी पाहिजे. एकटे जाऊ नका, सोबत कोणाला तरी न्या, आणि आत शिरल्यावर टेबलाच्या मागे जो शिपाई बसलाय त्याला जेवण झालं का विचारा, बहुतेक झालेलं नसते.